आप्पांच्या हातची तारीख

तार आली तेव्हा मी लोडशीट भरत होतो. विमान सुटण्याआधी माणसं किती, सामान किती, पेट्रोल किती आणि हे सगळं वजन विमानात कुठं कुठं ठेवलंय, याचा जो तक्ता करावा लागतो तो लोडशीट. तक्ता मी भरतो, सही वैमानिक करतो. मुंबईच्या विमानतळावर चार वर्षं माझं हेच काम. तार चाकणहून आलेली, खाली माझा मित्र सोपान याचं नाव, आणि मजकूर एवढाच की वडील वारले, निघून ये. मी ती घडी करून खिशात घातली आणि तक्ता पुरा केला, कारण विमान कुणाच्या वडिलांसाठी थांबत नाही. सही करायला जो आला तो फ्लाइंग क्लबात माझ्यानंतर वर्षभरानं शिकायला लागलेला. हातानं विमानाचा पंखा कसा फिरवायचा आणि फिरवून चटकन मागं कसं सरायचं, ते त्याला मी शिकवलेलं. आता त्याच्या खांद्यावर सोनेरी पट्ट्या. "काय रे मधू, तोंड का उतरलंय?" त्यानं विचारलं. "काही नाही, मागं सामान थोडं जास्त आहे, बघून घ्या," मी म्हणालो. खरं सांगतो, त्या वेळी मला रडू आलं नाही. संताप आला. आप्पांशी माझं भांडण चालू होतं... आणि ते मधेच उठून गेले होते.

याला आता सहा आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीत असे लेख येतात ते मी वाचतो. त्यांतला मेलेला प्रत्येक माणूस चांगलाच असतो. आप्पाही चांगलेच होते, तीच तर अडचण आहे. दहाव्या दिवशी गावात देवळापुढं शोकसभा झाली. जो उठला तो म्हणाला, मास्तरांनी जन्मात खोटं केलं नाही. एक जण बोलला, दुसरा बोलला, तिसऱ्यानं तेच पुन्हा उगाळलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला उठून ओरडावंसं वाटत होतं, अरे, केलं होतं! स्वतःच्या हातानं, काळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात केलं होतं, आणि ते खोटं माझ्या नावापुढं होतं. पण डोक्याचे केस काढलेले, सुतक चालू, आणि समोर बसलेले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले. मी गप्प बसलो. तेव्हा गप्प बसलो म्हणून आता लिहितोय.

आप्पा आमच्या गावच्या लोकल बोर्डाच्या शाळेत हेडमास्तर होते. हेडमास्तर म्हणजे काय, तर दोन मास्तर, त्यांतले एक. जूनमध्ये शाळा भरली की आयाबाया पोरांना घेऊन येत. पोर कधी जन्मलं, हे कुणाला सांगता येत नसे. "कांद्याला भाव नव्हता, त्या साली," "थोरल्या दिराचं लगीन झालं, त्याच्या पुढच्या थंडीत." आप्पा वैतागत नसत. ते पोराला उभं करायचे आणि म्हणायचे, "उजवा हात डोक्यावरून घे, डावा कान धर." हात कानाला पुरला तर पोर सहा वर्षांचं. नाही पुरला तर पुढच्या साली या. पुरला की रजिस्टरात त्या हिशेबानं साल टाकून एक जून ही तारीख लागायची. गावातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. सोपानचीही भरती अशीच झाली, फक्त उलट्या बाजूनं. तो नऊ वर्षांचा होईतो गुरांमागं होता. त्याचा हात कानावरून पार हनुवटीखाली आला आणि वर्ग फिदीफिदी हसला. पण नऊ वर्षांच्या पोराला पहिलीत बसवलं तर तो लाजून पळून जाईल, म्हणून आप्पांनी त्याला सहाचा केला. तीन वर्षं काढून टाकली.

माझ्यात दीड वर्ष घातलं. माझा हात कानाला पुरलाच नव्हता. मी साडेचार वर्षांचा होतो. आईला क्षय झाला होता, तिला मिरजेला ठेवलेलं, तिथून ती परत आली नाही. घरात मला सांभाळायला कुणी नाही, म्हणून आप्पा मला शाळेत नेऊन पहिल्या रांगेत बसवायचे. एके दिवशी दिपोटी आला. शाळा तपासणाऱ्या साहेबाला आमच्याकडं दिपोटीच म्हणतात. त्यानं मुंडकी मोजली, एक जास्त भरलं. हा कुणाचा? रजिस्टरात का नाही? त्या दुपारी आप्पांनी मला सहा वर्षांचा करून टाकला. बापानं पोराला जवळ ठेवण्यासाठी केलं, हे मला कळतं. कळतं म्हणून तर डोकं जास्त फिरतं. उलट्या काळजाचा बाप असता तर एकदाच शिव्या घालून मोकळा झालो असतो.

मॅट्रिक झाल्यावर मी पुण्याच्या फ्लाइंग क्लबात मदतनीस लागलो. हँगर, म्हणजे विमानांची शेड, झाडायचा, चाकांखालची लाकडं ओढायची, पंखा फिरवायचा, आणि त्या बदल्यात सवलतीत शिकायचं. सोपानला पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली तशी आम्ही दोघांनी चिंचवडला एक खोली घेतली. सकाळी दोन सायकली निघायच्या. तो पिंपरीला वळायचा, मी पुढं. वैमानिक व्हायचं म्हणजे विमानात बसून भुर्र गेलं असं लोकांना वाटतं. आधी डॉक्टर. एका नळीत फुंकून पारा वर चढवायचा आणि दम कोंडून तिथंच ठेवायचा, डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचे. मग शिकाऊ परवाना. मग दोन खुर्च्यांच्या उघड्या विमानात पुढं शिकवणारे मास्तर, मागं आपण, आणि मास्तरांच्या शिव्या कानात नळीतून येणार. मग एके दिवशी मास्तर खाली उतरतात, स्वतःच्या खुर्चीचे पट्टे बांधून ठेवतात, तुमच्या खांद्यावर थाप मारतात आणि चालायला लागतात. पुढची खुर्ची रिकामी. ते पहिलं एकट्याचं उड्डाण. त्यानंतर ‘ए’ परवाना, म्हणजे हौशी माणसाचा. पगार घेऊन लोकांना नेण्यासाठी ‘बी’ लागतो, आणि त्याला उड्डाणाचे तास कितीतरी पट, रात्रीचं उतरणं, लांबचे पल्ले, दिशाशास्त्र, हवामान, कायदा, इंजिन यांचे लेखी पेपर. तोही झाला की मग कंपनीच्या मोठ्या विमानाची वेगळी परीक्षा, आणि तेव्हा कुठं उजवीकडची, म्हणजे दुय्यम वैमानिकाची, खुर्ची.

या सगळ्यात आप्पा कुठं होते? फळ्यापाशी होते! वारा विमानाला किती बाजूला ढकलणार हे त्रिकोण काढून शोधावं लागतं. मला ते जमेना. रविवारी घरी गेलो की आप्पा शाळेचं कुलूप काढायचे, माझं इंग्रजी पुस्तक समोर ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि आधी स्वतः शिकायचे. मग फळ्यावर त्रिकोण. चाकणच्या बाजारापलीकडं कधी फारसा न गेलेला माणूस मला मुंबई ते हैदराबाद न्यायचा, वारा नैर्ऋत्येचा धरून. माझं पहिलं एकट्याचं उड्डाण बघायला ते कोट घालून, छत्री घेऊन आले होते आणि कुंपणाबाहेरच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. मी धावत गेलो. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. म्हणाले, "उतरताना डावा पंख खाली होता." असा माणूस! आणि म्हणून म्हणतो, त्यांना माहीत नव्हतं असं कुणी मला सांगू नये. आपण काय मोडतोय, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

‘ए’ परवाना हातात आला आणि त्याच वर्षी उत्तरेकडच्या सरकारी केंद्रात ‘बी’ साठी जागा निघाल्या. थोड्या जागा, शिक्षण सरकारचं. क्लबात हँगर झाडून तेवढे तास जमवायला माझे केस पिकले असते. इथं वर्ष-दीड वर्षात काम होणार. क्लबाच्या मास्तरांनी शिफारस दिली, डॉक्टरनं पास केलं, मुलाखत झाली, निवडलं. वयाची अट होती. शाळेच्या दाखल्यावरून मी तिच्यापुढं सात आठवडे गेलो होतो. सात आठवडे! खरा मी तिच्या आत सव्वा वर्ष होतो. माझा जन्म आजोळी, खेडचा. मी खेडच्या कचेरीत जाऊन जन्माची नोंद काढली, नक्कल घेतली, पाठवून दिली. उत्तर आलं की दोन तारखा जुळत नाहीत, शाळेकडून दुरुस्ती करून आणा, ज्यानं नोंद केली त्यानं लेखी द्यावं. ज्यानं नोंद केली तो माझा बाप. मी सोपानला मिठीच मारली. म्हटलं, देव पावला, दुसरा कुणी असता तर पाय धरावे लागले असते. सोपान म्हणाला, "व्हय." एवढंच. मग त्यानं सायकल उलटी करून साखळीला तेल घालायला घेतलं.

मी गावी पत्र टाकलं आणि पुढच्या रविवारी जाणार, तर क्लबात विमानाचं काम निघालेलं, त्यात अडकलो. आणखी एक आठवडा गेला. त्यानंतर गेलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसून शाळेच्या घंटेची दोरी वळत होते. मी मसुदा तयारच करून नेला होता. "एवढंच, आप्पा. ‘सदर तारीख माझ्याकडून चुकीची नोंदवली गेली.’ खाली सही."

त्यांनी वाचला. म्हणाले, "चुकीची नव्हे. खोटी. चुकून लिहिली नव्हती मी."

"बरं, खोटी लिहा!"

"खोटी लिहिली की दिपोटी येतो. रजिस्टर उचलून नेतो. तो काय तुझ्या एका ओळीवर बोट ठेवून थांबेल?"

"म्हणजे तुमची पेन्शन जाईल. हेच ना?"

त्यांनी दोरीला पीळ दिला. मग म्हणाले, "मी लिहून देणार नाही, मधू. यावर पुन्हा विचारू नकोस." मी विचारलं. किंचाळून विचारलं. शेजारची माणसं बाहेर आली. मी म्हणालो, तुम्ही भित्रे आहात. मी म्हणालो, तुम्हाला दोन वर्षांत निवृत्त व्हायचंय तेवढ्यासाठी पोराचा गळा कापताय. आणखीही बोललो, आईवरून बोललो, ते लिहिणार नाही. ते दोरी वळत राहिले. मुदत संपली. माझ्या जागी यादीतला पुढचा गेला.

मग मी मुंबई गाठली आणि विमानाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं गेलो. लोडशीटपर्यंत. सुटी मिळाली की चिंचवडच्या त्याच खोलीत सोपानकडं उतरायचो, तिथून गावी. जायचो कशाला, तर भांडायला. आप्पांना ते कळायचं. मी आलो की ते टोपी काढून खुंटीला अडकवायचे, खुर्ची माझ्याकडं वळवून बसायचे आणि म्हणायचे, "बोल." मी बोलायचो. अमका कॅप्टन झाला, तमक्याला नवं विमान मिळालं, आणि मी वजनं मांडतो. ते ऐकायचे. संपलं की विचारायचे, "जेवणार ना?" या "जेवणार ना"नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. परत चिंचवडला आलो की उरलेलं सगळं सोपानपुढं ओकायचो. तो भाकरी थापत ऐकायचा, मान खाली. मला वाटायचं, मास्तरांचा मान ठेवतोय बिचारा, म्हणून गप्प आहे.

तेराव्याचं जेवण झालं. माणसं पांगली. सोपान थांबला. कारखान्याची निळी पँट, वर पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. म्हणाला, "शाळंकडं चल जरा." शाळेला उन्हाळ्याची सुटी, किल्ली निवृत्तीनंतरही आप्पांच्याच कोटात राहिलेली, तीच. आत गेल्यावर तो भिंतीकडच्या सतरंजीवर बसला, मांडी घालून, पोरासारखा. मी म्हटलं, हे काय सोंग?

"हितं बसलो व्हतो," तो म्हणाला. "तू आला न्हाईस त्या ऐतवारी. मास्तरांनी समद्यांना बोलवून घेतलं. पिंपरीच्या कारखान्यातले, देहूरोडच्या डेपोतले. अकरा जनं. ज्याच्या त्याच्या तारखा मास्तरांच्याच हातच्या. कुनी सोळाचा अठरा झालेला, कुनी माझ्यावानी तिशीला टेकलेला आन कागदावर जवान. नोकऱ्या नव्या, पक्क्या झाल्या नव्हत्या. मास्तर म्हनले, मधूची तारीख खोडायची हाय. खोडली तर तुमच्या उघड्या पडतील. एकानं जरी नको म्हनलं तरी मी खोडनार न्हाई."

मी विचारलं, "कोण म्हणालं नको?"

"कुनीच बोललं न्हाई. मग म्या हात वर केला."

सोपान खाली बघून बोलत राहिला. आई आजारी होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या, हे मला माहीत होतं, त्यानं ते सांगितलंही नाही. तो एवढंच म्हणाला, "मास्तर म्हनले, बस खाली. आन म्हनले, मधूला ह्यातलं काय कळू देऊ नका. त्याला ह्याच गावात यायचंय, सोपान, तुझ्याच खोलीवर ऱ्हायचंय."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. टोपी उडाली. त्यानं ती उचलली, झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि माझ्यासमोर उभा राहिला. "मार आनखी. शिव्या घाल. चार वर्सं आमच्या वाटच्या मास्तरांनी खाल्ल्या."

मला दुसरी मारता आली नाही. शिवीही सुचली नाही, मला! मी म्हणालो, जा घरी. तो गेला. आणि तेव्हा, आप्पा, मला तुमचा जो राग आला तो या चार वर्षांतला सगळ्यात मोठा. अकरा जणांना सतरंजीवर बसवलंत. त्यांना विचारलंत. बारावा मी होतो की! मला का नाही विचारलंत? ज्याचं जाणार होतं त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारायची ही कुठली रीत? मी काय म्हणालो असतो, मला माहीत नाही. कदाचित सोपानकडं बघून मीही हात वर केला असता. कदाचित म्हणालो असतो, मरू देत सगळे, माझी तारीख मला द्या. पण ते मी म्हणालो असतो. तुम्ही माझं विमानही घेतलंत आणि ते सोडून देण्याचा मोठेपणाही तुम्हीच घेतलात, आणि वर माझ्या शिव्या खात "जेवणार ना" विचारत बसलात. मला एकट्याला तुमच्यावर जळत ठेवलंत, म्हणजे गाव मला उरेल. उरलं. काय करू त्याचं?

हे सगळं मी आप्पांच्या टेबलाशी बसून लिहिलं. पहिल्या खर्ड्यात मी काही लपवलं नव्हतं. गावाचं नाव, शाळेचं नाव, अकराच्या अकरा नावं, कोण कुठल्या खात्यात आहे तेही. म्हटलं, छापून येऊ दे, कळू दे जगाला मास्तर कसे होते. पाकिटावर पेपरचा पत्ताही घातला. मग सकाळी पाकीट फोडलं. सोपानला गेल्या वर्षी मुलगा झाला, आणि कारखान्यात पेपर सगळेच वाचतात. त्याचं नाव सोपान नाही. गावही चाकणकडचं एक, यापलीकडं मी सांगणार नाही. आप्पांना काही खोडायचं झालं तर ते पट्टी ठेवून एकच सरळ रेघ मारायचे आणि शेजारी सही करायचे. म्हणायचे, खालचं वाचता आलं पाहिजे, नाहीतर ती लबाडी. पट्टी टेबलावरच होती. मी ती घेतली नाही. शाईत बोट बुडवलं आणि एकेक नाव चोळून काळं केलं, उजेडाला धरून बघितलं, आणि जिथं थोडं दिसत होतं तिथं पुन्हा चोळलं.